न फळलेला नवस

यमाईचा डोंगर मी चढले तो भक्तीनं नाही, रागानं चढले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला मोठी भक्त समजणार नाही. दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षीची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. माझ्या पिशवीत दोन कागद होते. दोन्हींवर माझी सही हवी होती, आणि दोन्हींवर ती करायची मला लाज वाटत होती.

मी साताऱ्याची. लग्नाला तीन वर्षं होत होती तेव्हा विषमज्वरानं माझे यजमान गेले. मी एकोणीस वर्षांची होते. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात उरलो मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. ते शाळामास्तर होते. आळीतल्या लोकांनी नाकं मुरडली तरी त्यांनी मला पुन्हा पुस्तकं हातात दिली, पुढं सांगलीला विश्रामबागेत कॉलेजात ठेवलं, आणि संस्कृत घेऊन मी एम. ए. झाले. एवढं झाल्यावर मला पीएच.डी. करायची होती. विषय यमाईचाच. औंधची यमाई आमची कुलदेवता. पोथीतली यमाई आणि जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडातली यमाई एकच की दोन, बायका तिच्याशी काय बोलतात, नवस कसे बोलतात, कसे फेडतात, याचा मला नीट अभ्यास करायचा होता. मी स्वतः मात्र तोवर देवीपुढं हात जोडणं सोडून दिलं होतं. ज्या मुलीचा नवरा पंचवीस दिवसांच्या तापात जातो, तिला देवीचा अभ्यास करता येतो. भक्ती करता येत नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

माझ्या प्राध्यापकांनी तीन ठिकाणी अर्ज करायला लावले. लंडनहून उत्तर आलं की प्रवेश देऊ, पैसे तुमचे तुम्ही पाहा. ते पत्र मी घडी करून ठेवून दिलं. दुसरा अर्ज इथल्याच एका श्रीमंत घराण्यानं काढलेल्या विद्यावृत्तीच्या निधीकडं केला होता. त्यांनी मला विश्रामबागेतल्या एका बंगल्यावर मुलाखतीला बोलावलं. पाच गृहस्थ बसले होते, त्यांत माझे प्राध्यापकही होते. पाऊण तासात यमाईबद्दल एकानंही एक शब्द विचारला नाही. राहता कुणाकडे, सोवळं पाळता का, केस का ठेवले आहेत, हे विचारलं. मग चिटणीस म्हणाले की चार वर्षांचा सगळा खर्च निधी करील. मात्र विषय बदलून स्मृतिग्रंथांतला पातिव्रत्यधर्म घ्यावा. निधीच्या वार्षिक समारंभाला व्यासपीठावर बसावं. आणि पुन्हा विवाह करणार नाही असं जन्मभरासाठी लिहून द्यावं. मी प्राध्यापकांकडं पाहिलं. ते खाली पाहत पानाचा देठ खुडत होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले की दात्याच्या नावाला शोभेल असं वागणं आपल्याला भाग असतं.

तिसरं पत्र अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती धर्मविद्यालयाचं. साताऱ्यात मुलींना शिकवणाऱ्या एका गोऱ्या मडमेनं माझ्यासाठी खटपट केली होती. बाई मनानं फार चांगली. विद्यालयानं बोटीच्या भाड्यापासून सगळं द्यायचं कबूल केलं होतं. विषयही माझाच राहणार होता. अट एकच. हा पैसा तिथल्या स्त्रियांच्या एका मंडळाचा होता, आणि मी दरवर्षी त्या मंडळाला एक पत्र लिहायचं होतं. एक हिंदू विधवा अंधारातून उजेडाकडं कशी येते आहे, ते त्यात सांगायचं. अट मान्य असल्याच्या सहीच्या कागदासोबत पत्राचा नमुनाही जोडला होता. तो वाचला आणि मला हसू आलं. इकडचे लोक आणि तिकडचे लोक एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, पण दोघांनाही माझा अभ्यास नको होता. दोघांना माझं वैधव्य हवं होतं. एकाला ते मखरात बसवायचं होतं, दुसऱ्याला ते रडवून दाखवायचं होतं.

मामंजींचा ओढा निधीकडं होता. समुद्रापलीकडं मला धाडायचा त्यांना धीर नव्हता. एका सकाळी ते तो प्रतिज्ञेचा कागद पुढं ठेवून म्हणाले, "तू लग्न करणार नाहीसच ना? मग लिहून द्यायला काय हरकत आहे?"

मी म्हणाले, "करणार नाही म्हणूनच लिहून देणार नाही."

त्यांना ते कळलं नाही. मलाही तेव्हा पुरतं समजावून सांगता आलं नसतं. ज्या माणसानं मला शिकवलं त्याच्यापुढं आवाज चढवला, याचं वाईट वाटून मी दुसऱ्या दिवशी तो कागदही अमेरिकेच्या कागदाबरोबर पिशवीत घातला आणि सांगलीला जायला निघाले. निधीची मुदत तीन दिवसांवर आली होती. पण गाडी रहिमतपूरला थांबली तेव्हा मी उतरले आणि औंधची सर्व्हिस मोटर धरली. देवीला विचारायला नव्हते चालले. तिला दोन शब्द सुनवायला चालले होते.

सकाळपासून अंग कसकसत होतं. अर्ध्या पायऱ्या चढले आणि थंडी भरून आली. तरी गाभाऱ्यापर्यंत गेले. गुरव नैवेद्याच्या गडबडीत होता, आणि एक बाई हिरव्या खणात गुंडाळलेला नारळ हातात घेऊन थांबली होती. मी काळ्या पाषाणातल्या त्या मूर्तीकडं पाहत राहिले आणि मनात म्हणाले, तुझ्याबद्दल चार अक्षरं शिकायची तर मला काय काय विकायला लावणार आहेस? मूर्ती जशी होती तशी होती. मी हातही न जोडता वळले. उतरताना पायऱ्या डोळ्यांपुढं हलायला लागल्या. कठड्याला धरून बसले, एवढंच आठवतं.

शुद्ध आली तेव्हा माझं डोकं कुणाच्या तरी मांडीवर होतं. गाभाऱ्यापाशी पाहिलेली ती पन्नाशीची कुणबाऊ बाई पदरानं वारा घालत होती. हातात तिच्या तांब्या होता, पण ती पाणी पाजत नव्हती. मी ब्राह्मणाची विधवा आहे हे माझ्या लुगड्यावरून आणि मोकळ्या कपाळावरून तिनं ओळखलं असावं. तिनं विचारलं, "आमच्या हातचं पानी चालंल न्हवं?"

मला लिहायला शरम वाटते, पण मी क्षणभर थांबले. एवढी शिकलेली मी, तापानं ओठ फुटलेले, आणि तरी थांबले. मग होकाराची मान हलवली. त्या बाईनं मला विचारलेला तो पहिला आणि शेवटचा प्रश्न. मी कोण, कुठली, एकटी का फिरते, हे तिनं कधीच विचारलं नाही.

तिचं नाव तानूबाई. औंधपासून दीड कोसावर तिचं गाव. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं मला धरून डोंगर उतरवला, बैलगाडीत वैरणीवर निजवलं आणि आपल्या घरी नेलं. हिवताप होता. एक दिवसाआड भरून यायचा आणि माझी शुद्ध हरपायची. नवऱ्यानं आपली बाज मला दिली आणि स्वतः गोठ्यात घोंगडी टाकली. औंधला जाऊन त्यानं कंपाउंडरकडून कोयनेलच्या गोळ्या आणल्या, आणि मी पुटपुटलेल्या पत्त्यावर मामंजींना तारही केली. तानूबाई नाचण्याची आंबील करून चमच्यानं भरवायची. या दिवसांत निधीची मुदत टळली. मला ते कळत होतं, पण उठून बसण्याचीही ताकद नव्हती. धडपडायची वेळच निघून गेली की मनाला एक विचित्र स्वस्थता येते, ती मी त्या बाजेवर प्रथम अनुभवली.

पाचव्या दिवशी ताप उतरला. तानूबाई चुलीपुढं भाकऱ्या करत होती. खुंटीला खाकी सदरा अडकवलेला होता, धुऊन वाळवलेला. मी सहज म्हटलं की मुलगा पलटणीत आहे वाटतं. ती म्हणाली, व्हता. ब्रह्मदेशाच्या लढाईत गेला. धाकटा नव्हता, थोरला नव्हता, एकुलता होता.

मग मला त्या दिवशी डोंगरावर तिच्या हातात पाहिलेला खण आठवला. हिरवा, कोरा, नारळाभोवती गुंडाळलेला. मी म्हटलं, "मग तुम्ही देवीला खण कसला नेला होता?"

"नवसाचा."

"कसला नवस?"

"पोरगं सुखरूप माघारी आलं तर खण-नारळ घेऊन येईन म्हनलं व्हतं."

ती भाकरी थापत राहिली. माझ्याकडं न बघताच बोलली, "आमचे मालकबी म्हनले, नगं नेऊस, तिनं कुठं ऐकलं आपलं. म्या बी लई भांडले तिच्यासंगं. चार म्हैनं दिवा लावला न्हाई. मग वाटलं, पोरगं तर गेलं. आता आईबी सोडू व्हय? तिनं दिलं तरच म्या द्यायचं, तर त्यो बाजार झाला, पोरी. बाजार तर दर बेस्तरवारी भरतोय की गावात."

ती रडली नाही. तव्यावरची भाकरी मात्र करपली, आणि ती तिनं स्वतःच्या ताटात घेतली.

मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. माझ्या अर्जाच्या टिपणात मी एक वाक्य फार अभिमानानं लिहिलं होतं, की नवस म्हणजे माणसानं देवाशी केलेला करार. लंडनवाल्यांनी त्या वाक्याची स्तुती केली होती. आणि इथं एका निरक्षर बाईनं, समोरच्या पक्षानं करार मोडल्यावरही, आपला शब्द डोंगर चढून पोचता केला होता. कुणी बघत नव्हतं, कुणाला पत्र लिहायचं नव्हतं, व्यासपीठ नव्हतं. त्याच पायऱ्यांवर मी तिला पडलेली सापडले. ती त्या दिवशी आली नसती तर माझं काय झालं असतं, ते मला माहीत नाही. ती यायला काही कारणच उरलं नव्हतं. तरी ती आली होती.

सहाव्या दिवशी मामंजी आले. अंगणात उभं राहून त्यांनी दोघांना हात जोडले. घरात आले, माझ्या कपाळावर हात ठेवला, आणि त्यांचे डोळे भरले. तानूबाईनं दुधाचा पेला आणला तेव्हा मात्र त्यांनी आज उपास असल्याचं सांगितलं. त्या दिवशी उपास नव्हता. ज्यांनी साऱ्या आळीचा रोष पत्करून मला शिकवलं, त्यांच्याच्यानं तो पेला घेववला नाही. तानूबाईनं ते दूध मला दिलं. मी ते मामंजींच्या देखत प्यायले. परतीच्या वाटेवर ते मुदत गेल्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, आणि मीही दुधाबद्दल बोलले नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. निधीची विद्यावृत्ती एका तरुण गृहस्थांना मिळाली. त्यांच्याकडून लग्नाबद्दल काही लिहून घेतलं नाही. उलट पुढच्याच वैशाखात त्यांचं लग्न झालं आणि निधीच्या चिटणिसांनी त्यांना चांदीचं तबक दिलं. अमेरिकेला मी कळवलं की आनंदानं येईन, मनापासून अभ्यास करीन, पण ते पत्र लिहिणार नाही. मडमेनं माझ्यासाठी पुन्हा रदबदली केली. तीन महिन्यांनी उत्तर आलं. भाषा फार गोड होती. जागा दुसऱ्या कुणाला दिली होती. माझ्या प्राध्यापकांनी त्यानंतर माझ्या पत्रांना उत्तरं देणं सोडलं.

मी साताऱ्यात मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवू लागले. सुट्टीत गावोगाव जायचे, बायकांशेजारी बसायचे, त्या सांगतील ते लिहून घ्यायचे. नवसाला करार म्हणणारं वाक्य मी खोडलं. त्या जागी काय लिहावं ते मला बरीच वर्षं सुचलं नाही, म्हणून ती जागा कोरीच ठेवली. पदवी मिळाली नाही, ती आता मिळायचीही नाही. त्या गृहस्थांच्या नावाआधी लागलेली डॉक्टर ही अक्षरं कुठं छापलेली दिसली की अजूनही माझ्या घशाशी कडू येतं. हे कडूपण गेलं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल.

एका पौषात मी तानूबाईसाठी लुगडं घेऊन गेले. उपकार फेडायला आले आहे असं म्हणाले, तेव्हा ती पहिल्यांदाच माझ्यावर रागावली. फेडायला ते काय उसनं व्हतं काय, म्हणाली. लुगडं मात्र तिनं आवडीनं नेसलं आणि शेजारणींना दाखवून आली.

मला देणारे पुष्कळ भेटले. प्रत्येकाच्या हातात एक कागद होता. कागद नसलेली एकच बाई भेटली, आणि तिला माझ्याकडं कुणी धाडलं हे मी आता शोधत नाही. शोधायची सवय असलेल्या माणसाला तेवढंही पुष्कळ झालं. दर वर्षी एकदा मी डोंगर चढते. हात जोडते. मी काही मागत नाही, असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण खरं सांगते, मी अजून मागते. आई, हे माझं मागणं संपू दे, एवढंच मागते.