प्रश्न उद्भवत नाही

ते प्रकरण डोक्यातून गेलेलं नाही, आणि जावं असं मला वाटतही नाही. सत्तरच्या दशकात मी सोलापुरात पोलीस शिपाई होते. आमच्या हद्दीत एक सून भाजली आणि दवाखान्यात शुद्धीवर न येताच गेली. स्टोव्हचा भडका, असं सासूनं सांगितलं. आमच्या ठाण्याच्या साहेबांनी अकस्मात मृत्यू नोंदवला. पंचनाम्यात स्टोव्ह लिहिला होता, पाहिला कुणीच नव्हता.

मुलीची आई बार्शीहून यायची, ठाण्याच्या आवारात बसायची. "जाळली हो माझ्या लेकीला. नोंदवा की." साहेब चहा प्यायचे.

शेवटी ती विरोधी पक्षाच्या आमदाराकडे गेली. त्यांनी विधानसभेत लेखी प्रश्न टाकला. उत्तर मंत्री देतो असं लोकांना वाटतं. खरं तर प्रश्न मुंबईहून खाली उतरत उतरत, ज्या ठाण्याविरुद्ध तक्रार असते त्याच ठाण्यात येतो. उत्तर तिथंच तयार होतं.

बिनतारी संदेश आला तशी साहेबांना जाग आली. "बाई, त्या घरातल्या बायकांचे जबाब पुन्हा घ्या. पहिल्यासारखेच आणा."

सासू पढवल्यासारखी बोलली. थोरली सून अक्कलकोटकडची. तिला मी चुलीपाशीच गाठलं. घाबरलेल्या बाईला समोर बसवून विचारू नये. हात कामात असले की तोंड सुटतं. ती भाकरी थापत होती.

"घरात स्टोव्ह असून चुलीवर का गं?"

"स्टो दुरुस्तीला हाय की अक्का. लई दिस झालं."

"धाकटी भाजली तेव्हा?"

तिचा हात थांबला. मग हळूच म्हणाली, "तवाबी तितंच व्हता. माजं नाव घिऊ नका. मला ह्याच घरात ऱ्हायाचं हाय."

नवी पेठेतल्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. स्टोव्ह फळीवर धूळ खात होता. "त्यांची सून भाजायच्या आधीपासून पडलाय, बाई. न्यायला कुणी येतंय कुठं?"

साहेबांना सांगितलं. त्यांनी प्रश्नाचा कागद पुढे ओढला.

"प्रश्न ऐका. विवाहितेचा सासरच्या घरी जळून मृत्यू झाला, हे खरे आहे काय? मेली कुठं?"

"दवाखान्यात."

"मग लिहा, नाही. पुढचा भाग, असल्यास कोणता तपास केला? प्रश्न उद्भवत नाही." आणि हसले. "आमदारानं नीट विचारायचं होतं की."

माझं म्हणणं कागदावर आलंच नाही.

पुढच्या अधिवेशनात आमदारांनी सुधारून विचारलं: घरी भाजून दवाखान्यात मृत्यू झाला काय? आता 'होय' लिहावंच लागलं. पण तोवर स्टोव्ह दुकानातून गेला होता, दुरुस्तीवाल्याला काही आठवत नव्हतं आणि थोरल्या सुनेनं तोंड शिवलं होतं. 'तपास चालू आहे' असं उत्तर गेलं. त्यानंतर दरवेळी तेच गेलं. निवडणुकीत आमदार पडले आणि प्रश्न यायचा थांबला.

प्रश्न विचारणाऱ्याला वाटतं, सरकारला धरलं. जोवर ज्याची चूक त्यालाच उत्तर लिहायला बसवतात, तोवर कुणी धरलं जात नाही. एवढं मी नोकरीत शिकले. त्याचा त्या मुलीच्या आईला काही उपयोग झाला नाही.

ती शेवटची आली तेव्हा तिनं मलाच विचारलं, "सरकार काय म्हनलं, बाई?"

"होय म्हणालं."

"कशाला व्हय?"

"तुमची मुलगी भाजली आणि मेली, त्याला."

ती पिशवी उचलून उठली. "ते मला ठावं हाय. जाळली कुनी, ते मी इचारलं व्हतं."