न वाजणारी काच

मंडळी, आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. अमावास्येला मी खुशाल नवीन काम सुरू करते. लोणावळ्याच्या रिकाम्या बंगल्यांत कोण रडतं असं विचाराल, तर सांगेन वारा रडतो, खिडकीचं रबर झिजलंय, बदलून घ्या! कामशेतला माझं काचेचं दुकान आहे. भुताखेताचं मला कळत नाही, पण काचेच्या बाबतीत मला कोणी शेंडी लावू शकत नाही. म्हणूनच हे लिहितेय...

तिकोणा पेठेत, गडाच्या पायथ्याशी, शेवंतामावशी एकट्या राहतात. नवरा वारलेला, मुलगा संतोष तळेगावला कंपनीत. एका दुपारी मावशी पुढच्या दाराला आतून कडी घालून मागच्या दाराने शेतावर गेल्या. चोराने दाराशेजारच्या खिडकीची काच फोडली, गजांतून हात घालून कडी काढली आणि तांब्याचा हंडा नि गॅसची टाकी घेऊन पसार झाला. संतोष हादरला. मजबूत काच बसवा, नाहीतर आईला तळेगावला नेतो, म्हणाला. मावशींना घर सोडायचं नव्हतं.

संतोषचा हट्ट टफन काचेचा. "दादा, टफन दणकट खरी," मी म्हटलं, "पण एकदा टोकदार घाव वर्मी बसला की सगळीचा चुरा होतो. मग चोराला हात घालायला अख्खी झडप मोकळी!" इथे लॅमिनेटेडच हवी होती. दोन काचा आणि मध्ये चिकटवलेला प्लास्टिकचा चिवट पडदा. तडे जातील, पण काच जागा सोडणार नाही. पटलं त्याला.

खिडकीला दोन झडपा. डावीची काच फुटलेली, उजवीची जुनी काच शाबूत होती.

"उजवी ऱ्हाऊ दे की, पोरी," मावशी म्हणाल्या.

"मावशी, पुढचं दार लावून मागचं उघडं ठेवल्यासारखं होईल ते!" मी हसून दोन्ही बदलल्या. जुनी काढताना तिला चीर गेली, ती टेम्पोत टाकली.

काम झालं तसा मावशींनी आतल्या खुंटीवरचा विळा काढला, बाहेर आल्या आणि विळ्याच्या टोकाने नव्या काचेवर हलकेच मारलं. ठप. पुन्हा मारलं... ठप. आणि मटकन ओट्यावर बसल्या.

"काय झालं मावशी?"

"मालक भातखाचरातनं यायचं, तवा पाय चिखलानं भरल्यालं. तसं घरात न्हाई यायचं. विळ्यानं काचंवर दोनदा टिणटिण करायचं आन् मागं पाय धुवायला जायचं. त्यो आवाज आला की मी चहा टाकायची."

"बरं, मग?"

"आजून येत्यात. दिस कलला की. तुला खोटं वाटंल."

वाटलंच मला खोटं! पण त्यांचा चेहरा बघून मी त्यांच्याशेजारी ओट्यावर टेकले.

"ही काच मुकी हाय," त्या म्हणाल्या. "आवाजच न्हाई आला, तर हितं एकलीनं ऱ्हाऊन काय करू? जाती तळेगावला."

फार वाईट वाटलं मला. साधी काच परत लावावी, तर संतोष त्यांना नेणार. ही ठेवावी, तर त्या आपणहून जाणार. म्हटलं, निदान आज त्यांना एकटं सोडायचं नाही. चहा पिऊनच जाते, असं सांगून आत बसले. विळा खुंटीवर परत गेला. ऊन समोरच्या तुंग गडामागे उतरलं.

आणि... टिण. टिण.

स्वच्छ आवाज, जुन्या पातळ काचेचा. माझ्यासमोर, उजव्या झडपेवर! मावशींनी खिडकीकडे बघितलंसुद्धा नाही. उठल्या आणि पातेलं गॅसवर ठेवलं.

मी धावत बाहेर गेले. ओटा रिकामा, रस्ता रिकामा. विळा आत खुंटीवरच होता. तोच घेऊन मी काचेवर मारला. ठप. बांगडी मारली, टेम्पोची किल्ली मारली. ठप, ठप! मधला पडदा आवाज खाऊन टाकतो, तिथे टिणटिण येणार कुठून?

"मावशी, ही काच वाजूच शकत नाही!"

"ज्याचं घर हाय, त्याला कुटली काच आडवती व्हय?" त्या आतून म्हणाल्या. "ये, चहा निवतोय."

पुढे एकदा चोराने पुन्हा भरदिवसा दगड घातलाच. काचेला जाळं पडलं, पण बोट जाईल एवढंही भोक पडलं नाही. माझी निवड चोख होती, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. ती काच मी बदलून दिली. संतोष आता तळेगावचं नाव काढत नाही.

टिणटिणीचं मात्र उत्तर नाही. ऊन उतरल्यावर चौकट आकसून वाजते म्हणाल, तर तो आवाज मी रोज ऐकते. तो 'कट्' असा येतो. तेव्हापासून दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक लॅमिनेटेड काचेवर मी किल्ली मारून बघते. सगळ्या मुक्या. मावशींची बदललेली काचसुद्धा मुकीच होती.

परवा संध्याकाळी त्यांना फोन केला. विचारायचं होतं, पण त्याआधीच त्या घाईने म्हणाल्या, "ठेव आता पोरी, चहा टाकायचाय."