हिरवा ठिपका

परवा बजाजनगरच्या गॅरेजात गाडीचं ब्रेक ऑइल बदलताना तो उग्र, गोडसर वास आला आणि मी जुन्या कारखान्यातल्या माझ्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो.

तिथं आम्ही ब्रेकचा दाब सांभाळणारे व्हॉल्व्ह जोडायचो. रबरी रिंग ऑइलात बुडवून अलगद बसवायची आणि वर आपापल्या रंगाचा ठिपका द्यायचा. माझा पिवळा, शेजारच्या शोभाताईंचा हिरवा. एका दुपारी माझा मार्कर वाळला, म्हणून मी त्यांचा मागून घेतला.

नेमका तेव्हा मी जोडलेला एक व्हॉल्व्ह तपासणीत गळला. आत रिंग पिळलेली होती. सुपरवायझर तो हातात घेऊनच आले.

"शोभाबाई, हिरवा म्हणजे तुमचाच ना? पर्मनंट व्हायचंय म्हणता, अन् काम हे असं?"

शोभाताईंनी आधी व्हॉल्व्ह पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. पर्मनंट मलाही व्हायचं होतं. मी मान खाली घालून रिंगा निवडत राहिलो.

"व्हय साहेब, रंग माझाच हाय," त्या म्हणाल्या.

त्यांना पॅकिंगला पाठवलं. पुढं मी पर्मनंट झालो, त्या झाल्या नाहीत. त्या दिवशी पॅकिंगला जाताना त्यांनी आपला मार्कर माझ्या टेबलावर ठेवला.

"राहू दे तुला. तुझा वाळलाय ना?"

त्यांच्या काही लक्षात आलं नव्हतं, असंच मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. परवा गॅरेजवाल्यानं नट आवळला, त्यावर खूण म्हणून पिवळा ठिपका दिला आणि म्हणाला, "बघून घ्या, काका." मला तिकडं बघवलं नाही.