मॅपल कुणाला मान देत होती?

भुतांच्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. शिकाऱ्यांच्या गोष्टींवर तर त्याहून कमी... भूत निदान स्वतःचं कौतुक स्वतः सांगत नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच जरा ओशाळल्यासारखं होतंय.

आम्ही अमेरिकेत, श्रूजबरीला राहतो. माझा मित्र मिलिंद मूळचा पुण्याचा; एरवी डेटाबेस सांभाळतो आणि ऑक्टोबर आला की शिकारी होतो. मेणकापडाचं जॅकेट, नारिंगी टोपी, गळ्यात पितळी शिटी — सत्यनारायणालाही इतकी तयारी लागत नाही. शिकार ग्राउस पक्ष्याची; ग्राउस म्हणजे आपल्या तित्तराचा जाडजूड भाऊ. त्याचा वास लागला की सेटर जातीचा शिकारी कुत्रा जागच्या जागी पुतळा होतो. याला म्हणतात पॉइंट.

मिलिंदचा म्हातारा सेटर खंडू उन्हाळ्यात गेला. उरली तरुण मॅपल. खंडू नसेल तर ही रानात नुसती सैरावैरा पळायची.

"आज शेवटचा चान्स," न्यू हॅम्पशायरकडे ड्राइव्ह करताना मिलिंद म्हणाला. "नाही जमलं तर उद्या ब्रीडरकडे परत."

"अरे, कुत्री आहे की प्रोबेशनवरचा एम्प्लॉयी?"

"काम नसलेला सेटर घरात वेडा होतो, यार. आमचा सोफा बघितलास ना?" मग म्हणाला, "ईशा बोलत नाहीये माझ्याशी." ईशा त्याची मुलगी. मॅपल हे नाव तिनंच ठेवलेलं.

पाऊस थांबला होता, पण झाडं अजून गळत होती. चिखल तुडवताना मिलिंदचं प्रवचन चालू होतं. दोन कुत्रे असले की एक पॉइंट करतो. त्याला बघून दुसरा मागेच थांबतो, मान देतो. पॉइंट करताना मॅपलची शेपटी उभी. मान देताना डोकं खाली, शेपटी आडवी, नजर पुढच्या कुत्र्यावर. आणि मालकानं पुढच्याला हाक मारून सोडल्याशिवाय ती हलत नाही.

"आपल्या लग्नातल्या बुफेला पाठव हिला," मी म्हणालो.

तेवढ्यात मॅपलच्या गळ्यातली घंटी बंद पडली. घंटी थांबली म्हणजे कुत्रा थांबला. आम्ही धावलो. रानटी झालेल्या सफरचंदाच्या झाडांपाशी ती उभी होती. डोकं खाली, शेपटी आडवी, नजर थोड्या अंतरावरच्या नेच्यांच्या झुडपावर.

"हा पॉइंट नाही," मिलिंद कुजबुजला. "ती मान देतेय."

"कुणाला?"



मला पहिला संशय मिलिंदचाच आला. त्यानंच हे शिकवलं असणार; कुत्री ठेवायला निमित्त हवं, साक्षीदार म्हणून मी. दुसरा संशय, दुसऱ्या कुणाचा कुत्रा. मी नेच्यांत जाऊन पाहिलं. ओला पाचोळा, बाकी काही नाही. दोन पावलं पुढे टाकली आणि फडफडाट करत ग्राउस उडाला! नेच्यांत कुत्रा उभा असता, तर त्याच्या अगदी नाकासमोरून. मिलिंदनं बंदूक उचललीसुद्धा नाही.

"मॅपल, ये!"

ती ढिम्म.

"मग पुढच्याला सोड की," मी टोमणा मारला.

मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं, मग नेच्यांकडे. घसा खाकरून म्हणाला, "खंडू... शाब्बास. बास आता. ये."

मॅपल सैल झाली. शेपटी हलवत तिनं नजर नेच्यांवरून मिलिंदच्या गुडघ्यापर्यंत आणली. सावकाश... म्हातारा कुत्रा चालत येईल तितकी सावकाश.

"खरं सांग, ट्रेन केलंस ना तिला?" परतताना मी तीनदा विचारलं.

"जिला साधं 'बस' शिकवता आलं नाही मला, तिला हे शिकवलं?"

 खंडूचा जुना वास तिथे राहिला म्हणावा, तर मान नजरेनं देतात, नाकानं नव्हे. मॅपल ब्रीडरकडे गेली नाही, ईशा बोलायला लागली. फायदा कुणाचा झाला ते बघायचं, तर संशय कुत्रीवरच घ्यावा लागेल.

एक सांगायचं राहिलं. गाडीशी आल्यावर मिलिंदनं मागचं दार उघडलं. मी दारातच उभा होतो. एरवी उडी मारून आत घुसणारी मॅपल बाजूला थांबली, वर माझ्याकडे पाहत.

मी सरकून वाट दिली. मग थोड्या वेळानं ती चढली.

तिच्या आधी मी वाट कुणाला दिली, हे मला अजून सांगता येत नाही.