आईनं विचारलं नाही

दर रविवारी मी मेलबर्नहून आईला व्हिडिओ कॉल करतो. आज तिच्या मागची भिंत हिरवी दिसली. आमच्या घरात हिरवी भिंत नाही.

"रंग दिलाय, दादा," फोन धरलेला धाकटा भाऊ, सुनील, म्हणाला.

"मला न विचारता?" मी भडकलो. परदेशातल्या माणसाला घर फोनएवढंच दिसतं, आणि फोन दुसऱ्याच्या हातात असतो.

"ओरडू नकोस रे," आई म्हणाली.

दरवेळी ती 'कधी येतोस?' विचारते. मी दिवाळी म्हटलं की गणपतीवर आणते. आज विचारलंच नाही. दुकानदारीत मी शिकलोय, गिऱ्हाईक घासाघीस थांबवतं तेव्हा ते मनानं दुकानाबाहेर पडलेलं असतं.

मीच म्हणालो, "याच आठवड्यात येतो."

"कशाला धावपळ, बाळा?" म्हणत तिनं हात हलवला; मनगटावर सलाईनची पट्टी दिसली.

फोनमागून सुनील हळूच म्हणाला, "ये, दादा."