उलटी कडी

डावऱ्या, जगाची कुलपं उघडत जन्म काढलास आणि सख्ख्या बहिणीच्या बाथरूमची कडी उलटीच ठेवून गेलास. शाबास.

एवढं लिहून ताईनं पेन खाली ठेवलं.

डावरा तिचा धाकटा भाऊ, कुलूपवाला. सगळ्यांच्या कड्या उजवीकडे फिरवल्या की निघतात, या डावखुऱ्यानं बसवलेल्या डावीकडे. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायचा, "चोराचाही गोंधळ होतो, साहेब. त्याचे जादा पैसे लावलेले नाहीत." पण किल्ली हरवून कुणी दाराबाहेर अडकलंय म्हटलं की भरल्या ताटावरून उठायचा.

"ती कडी सरळ कर रे. एक दिवस आतच मरून पडेन," ताई तीस वर्षं म्हणत आली.

"मी वरच्याच मजल्यावर आहे ना, ताई? हाक मार, येतो."

दीड महिन्यापूर्वी एका गिऱ्हाइकाच्या दारात तो पेचकस हातात घेऊन खाली बसला, तो उठलाच नाही.

तेव्हापासून ताई दाराला बादली लावून, दार उघडंच ठेवून अंघोळ करायची. आज बादली सरकली, वाऱ्यानं दार आपटलं आणि कडी फिरून घट्ट बसली. तीस वर्षांची सवय भीतीनं एका क्षणात पुसली. ती उजवीकडेच जोर लावत राहिली. साबणाचे हात घसरत होते, श्वास पुरेना.

"डावऱ्या," तिनं हाक मारली.

आणि जिन्यावर पावलं वाजण्याची वाट बघत उभी राहिली. चांगली पाच मिनिटं. आपण खरंच वाट बघतोय हे ध्यानात आलं, तेव्हा मात्र तिला दारापेक्षा स्वतःची धास्ती वाटली. भिंतीला धरून तिनं डावा हात पुढे केला. कडी निघाली.

सगळं ऐकून शेजारीण म्हणाली, "सुतार दहा मिनिटांत बदलून देईल. उद्या अंघोळीला काय करणार आहात?"

"बघू," ताई म्हणाली.

तिनं पुन्हा पेन उचललं. "ठेवून गेलास" वर काट मारली. त्या शेवटच्या रविवारी तो आला होता. नवी कडी, चार स्क्रू, सगळं घेऊन. ताई पेपर वाचत होती. "आत्ता ठोकाठोक नको. पुढच्या रविवारी ये," म्हणाली होती.

कागदात गुंडाळलेली ती सरळ कडी अजून बाथरूमच्या खिडकीत आहे.