लाल पट्ट्यांची पुडी

हसनाबादच्या चांगुणाबाई एक्क्याऐंशी साली जालन्यात आल्या, तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. बियाण्यांच्या पिशव्यांवर लेबल चिकटवायचं काम मिळालं आणि हात असा बसला की लेबल कधी तिरकं गेलं नाही. नव्या मालाच्या पहिल्या पिशवीला त्या कुंकवाचं बोट लावायच्या. नवरा वारल्यावर बायका कुजबुजल्या, पण बोट थांबलं नाही. “पिशवीला लावते, कपाळाला न्हाई. पिशवी काय मला इचारती?” एवढंच म्हणाल्या. मुलगी नांदायला गेली, कारखाने बदलले. हात आणि कुंकू तेच राहिलं.

दोन हजार चार साली त्या चहाच्या पुड्या भरायच्या शेडमध्ये होत्या. पुड्या साध्या नव्हत्या. मोठ्या शहरांतल्या घरांसाठी एक मशीन विकलं जात होतं. पुडी आत सरकवली की मशीनचा लाल डोळा तिच्यावरच्या काळ्या पट्ट्या वाचायचा, पाणी किती घ्यायचं, किती उकळायचं ते ठरवायचा आणि आयता चहा कपात पडायचा. पट्ट्या वाचता आल्या नाहीत, की नुसतं टुंग करून गप्प. माल तपासायला असंच एक मशीन शेडमध्येही ठेवलं होतं.

त्या वर्षी दिवाळीच्या मालातली एकही पुडी मशीननं घेतली नाही. खोकीच्या खोकी परत आली.

मॅनेजर काकासाहेबांनी कागद आधीच टाइप करून ठेवला होता. शेजारी मालक रामराव बसले होते.

“इथं सही करा, चांगुणाबाई. तुमचं कुंकू उडून पट्ट्यांवर बसलं अन् माल गेला. उद्यापासून येऊ नका.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “अन् तुमच्या हातचं कुंकू... तुम्हीच समजून घ्या.”

शेडमधले सगळे हात थांबले.

“तिशी उलटल्यावर साक्षरतेच्या वर्गात सही शिकले, साहेब. असल्या कागदासाठी न्हाई शिकले.”

“मग अंगठा द्या!”

“अंगठा बी न्हाई. आधी सांगा, पैल्या पुडीला मी पट्ट्यांना खेटून कुंकू लावत होते, अन् तीच पुडी तुमी मशीनीत घालून बघत होते. कधी अडली का?”

काकासाहेबांनी कागद आणखी पुढं सरकवला.

“अन् दिवाळीच्या टायमाला मशीन औरंगाबादच्या प्रदर्शनात गेल्तं. तुमी न बघताच माल धाडला.”

फळीवर जुन्या मालाची एक पुडी होती. चांगुणाबाईंनी कनवटीची डबी काढली, पट्ट्यांच्या कडेला ठसठशीत बोट टेकवलं आणि पुडी मशीनमध्ये सरकवली. पाणी खळखळलं, चहा पडला. मग दिवाळीची पुडी घातली. स्वच्छ, कुंकवाचा कण नसलेली.

टुंग.

त्यांनी ती काढून उजेडात धरली. “ह्या पट्ट्या लाल कुणी केल्या?”

“सणाच्या मालावर काळं कसं चालेल?” काकासाहेब पुटपुटले. “अशुभ दिसतं. मीच छापखान्यात सांगितलं.”

“ह्याचा डोळा लाल, त्याच्या उजेडात लाल रंग बुडून जातो. माझं लाल कुंकू त्याला कधी दिसलं न्हाई, मंग तुमच्या लाल पट्ट्या कशा दिसतील? मैमूना, तुझी काजळाची डबी दे.”

मैमूना दहा वर्षं त्यांच्याच टेबलावर काम करत होती. तिनं डबी पुढं केली. “घे मावशी. पर जल्दी कर, साहेबाचं तोंड बघवून नै राह्यलं.”

चांगुणाबाईंनी आगकाडी काजळात बुडवली. एकेक लाल पट्टी त्या काळी करत गेल्या. जाडी तेवढीच जाड, बारीक तेवढीच बारीक. तेवीस वर्षांचा हात. कुठं फाटा फुटला नाही, कुठं ओघळ नाही. काजळ सुकू दिलं आणि पुडी आत सरकवली.

पाणी खळखळलं. चहाचा वास शेडभर पसरला.

रामरावांनी कप उचलून एक घोट घेतला. काकासाहेब हळूच त्या कागदाची घडी करू लागले. चांगुणाबाईंनी त्यावर तळवा ठेवला आणि कागद उलटा केला.

“मागून कोरा हाय. पट्ट्या कुणाच्या सांगण्यावरून लाल झाल्या, ते लिहा.”

काकासाहेबांनी मालकांकडं पाहिलं.

“लिहा,” रामराव म्हणाले.

काकासाहेबांनी खिशातलं पेन काढलं. खाडाखोड करायचं, लाल शाईचं.

“लाल नको, साहेब,” चांगुणाबाई म्हणाल्या. “काळ्यानं लिहा. समद्यांला दिसलं पाह्यजे.”

मैमूनाचं हसू फुटलं, मग अख्ख्या शेडचं. ते लिहीपर्यंत चांगुणाबाई तिथंच उभ्या राहिल्या. बोटावरचं कुंकू त्यांनी पुसलं नव्हतं.